वडील म्हणतात जीडी, आई म्हणते क्लर्क, आणि मला मोटारी खोलायला आवडतात

पत्र:

सुभेदार काका, नमस्कार. मी माण तालुक्यातला, वय १९. बारावी सायन्स झालंय, ६४ टक्के. गणित ६८, फिजिक्स ६६, केमिस्ट्री ६१, इंग्लिश ४७. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, ते म्हणतात अग्निवीर जीडी (जनरल ड्यूटी) भर आणि पलटणीत, म्हणजे पायदळात, जा. आई आणि मामा म्हणतात क्लर्क भर, ऑफिसात सेफ राहशील. अकॅडमीतले सर म्हणतात जीडीला जागा जास्त, उगाच डोकं लावू नको. मला स्वतःला इंजिनं, मोटारी खोलायला आवडतं, आमच्या विहिरीवरची मोटर जळली की मीच भरतो. ग्राउंड ठीक आहे, १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदात येतो. पण टेक्निकल भरलं तर वडलांना वाटेल पोरगा घाबरला. काय भरू?

उत्तर:

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की तीन माणसांचं म्हणणं तू सविस्तर लिहिलंयस आणि स्वतःचं एका ओळीत उरकलंयस, तेही मोटर भरतो एवढंच. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात, २८ वर्षं काढली, व्हेइकल मेकॅनिक म्हणून लागलो आणि सुभेदार म्हणून बाहेर पडलो, त्यामुळे माझा कल कुठं झुकणार हे तुला आधीच कळलं असेल, तरी मी सगळ्या बाजू सांगतो आणि मग माझं मत सांगतो, लपवत नाही.

आधी सोप्पं काम उरकू. क्लर्कचा विषय सोडून दे, कारण तुला तो भरताच येत नाही. अग्निवीर क्लर्क आणि स्टोअर कीपर टेक्निकलला बारावीला एकूण ६० टक्के लागतात आणि शिवाय प्रत्येक विषयात ५० लागतात, तुझं इंग्लिश ४७ आहे. मामा ६४ टक्के बघून खूश झाले असणार पण मार्कशीटवर बोट ठेवून विषयवार कुणी बघितलेलंच दिसत नाही. दरवर्षी कितीतरी पोरं असाच फॉर्म भरतात, पेपर देतात, पळतात, आणि कागदपत्रं तपासायच्या टेबलावरून घरी येतात. वर त्याला आता टायपिंगची टेस्ट पण लागते. तेव्हा आईला सांग की काकांनी नाही म्हटलेलं नाही, मार्कशीटनंच नाही म्हटलंय. टेक्निकलला मात्र तू व्यवस्थित बसतोस, तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश घेऊन बारावी, एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४० लागतात. जीडीला दहावीच पुरते, एकूण ४५ आणि विषयाला ३३. म्हणजे तुझ्यासमोर खरे पर्याय दोनच आहेत.

आणि यातली चांगली गोष्ट म्हणजे २०२५ च्या भरतीपासून एका उमेदवाराला दोन कॅटेगरीत अर्ज करता येतो. त्यामुळे हे किंवा ते असं भांडण घरात घालायची गरजच नाही, दोन्ही भर. पेपर मराठीतून पण देता येतो आता. पण दोन्ही भरले तरी मनात पहिलं कुठलं ते ठरवावंच लागतं, कारण अभ्यास त्या हिशोबानं करावा लागतो, टेक्निकलच्या पेपरात बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स येतं आणि ते दीड महिन्यात होत नाही, जीडीच्या पेपरवर अभ्यास करून टेक्निकलला बसलास तर दोन्ही हातचे जातील.

आता एक गोष्ट नीट समजून घे कारण ही अकॅडमीत सहसा कुणी सांगत नाही. फॉर्मवर तू कॅटेगरी निवडतोस, काम निवडत नाहीस. जीडी म्हणजे जनरल ड्यूटी, आणि तुझे वडील जीडी म्हणजे पलटण असं धरून चाललेत कारण ते स्वतः तिथं होते, पण साताऱ्यातून जीडीला लागलेली पोरं नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला पण जातात, अहिल्यानगरला रणगाड्यांच्या आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीच्या सेंटरला पण जातात, खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर्समध्ये जातात, कुणी एएससीत, म्हणजे रसद पोचवणाऱ्या खात्यात जाऊन गाडी चालवतात. बेळगावचं मराठा सेंटरच मिळेल असं ओपन रॅलीत कुणी लिहून देत नाही. टेक्निकलचंही तसंच, तुला इंजिन हवंय पण तुला सिग्नल्समध्ये रेडिओचं काम मिळू शकतं, जबलपूर किंवा गोव्याला ट्रेनिंग, किंवा इंजिनिअर्समध्ये इलेक्ट्रिकचं, किंवा दारूगोळ्याच्या डेपोत, किंवा माझ्यासारखं ईएमईत. सेंटरला गेल्यावर टेस्ट घेतात, जागा बघतात, आणि ट्रेड मिळतो. त्यामुळे अमुकच पाहिजे म्हणून जाऊ नकोस. पण दिशा तर फॉर्मच ठरवतो, आणि हातात पाना येणार की रायफल घेऊन पेट्रोलिंग करणार हे बऱ्यापैकी तिथंच ठरतं.

जीडीबद्दल मी एक शब्द कमी बोलणार नाही. फौज उभी आहे ती इन्फन्ट्रीच्या पायावर, बाकी आम्ही सगळे त्यांच्यासाठी असतो. पण तिथला साधा दिवस कसा असतो ते वडलांना विचार, लढाईच्या गोष्टी नको विचारू, साधा दिवस विचार. पहाटे पीटी, मग परेड, वेपन ट्रेनिंग, दुपारी फटीग म्हणजे साफसफाई-हमालीची कामं, संध्याकाळी खेळ, रात्री दोन दोन तासांची संतरी ड्यूटी, आणि फील्डला गेलं की एलसीवर, म्हणजे नियंत्रण रेषेवर, रात्र रात्र एका जागी न खोकता पडून राहायचं, बर्फात पोस्टवर महिनोन् महिने तेच सात-आठ चेहरे बघायचे. ज्याला शरीर घासायला आवडतं, टोळीत राहायला आवडतं, एकच गोष्ट शंभर वेळा करून ती झोपेत पण चुकणार नाही इतकी पक्की करायला आवडते, त्याला यात जे सुख मिळतं ते दुसरीकडं कुठं मिळत नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनला राहून आला, आणि पळायला त्यानंतर लागला, आज स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याचं नाव देशाला माहिताय. फौजेनं ओळखलं त्याच्या पायात काय आहे ते. तुझ्या पत्रात ग्राउंडबद्दल ठीक आहे एवढाच शब्द आहे. ज्याला पळायचं वेड असतं तो ठीक आहे असं लिहीत नाही, तो सांगतो मागच्या महिन्यात ५:५२ होतं, आता ५:४० आलंय, पुढच्या महिन्यात ५:३० करणार. मोटरबद्दल मात्र तू न विचारता लिहिलंस.

आता माझी गोष्ट सांगतो कारण तुझ्या घरात जे चाललंय तेच १९९२ साली आमच्या घरात झालं होतं. माझे चुलते पलटणीत होते, मिशांना पीळ देऊन गावात यायचे, मला तेच व्हायचं होतं. भरतीच्या मैदानावर पळून आलो, एका हवालदारानं मार्कशीट बघितली, म्हणाला गणित बरंय, टेक्निकलला उभा राहा त्या लाइनीत. मला वाटलं मला बाजूला काढलं. सिकंदराबादच्या गाडीत बसलो तेव्हा मी तोंड खिडकीकडं करून रडत होतो, हे मी घरी कित्येक वर्षं सांगितलं नाही. चुलते पण काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले मेकॅनिक झाला होय, आणि ते झाला होय मला फार लागलं. मग सेंटरला पहिल्यांदा एका हॉलमध्ये नेलं, तिथं मधोमध कापलेलं इंजिन ठेवलं होतं, पिस्टन, वॉल्व्ह, क्रँक सगळं उघडं, हँडल फिरवलं की आत काय होतं ते दिसायचं. मी ते हँडल फिरवत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, उस्तादनं येऊन मानेला धरून बाहेर काढलं. त्या दिवसानंतर मला पलटणीची आठवण यायची पण पस्तावा कधी झाला नाही.

नंतर माझी पोस्टिंग एका तोफखान्याच्या रेजिमेंटबरोबर होती, आमची छोटी तुकडी असते त्यांच्यासोबत, एलएडी म्हणतात, तीस-चाळीस जणांच्या आत, आणि त्यांच्या गाड्या, तोफा, जनरेटर चालू ठेवायची जबाबदारी आमची. लडाखात थंडीत डिझेल गोठतं, पाइपात मेणासारखं बसतं. रात्री दर दीड-दोन तासानं उठून गाड्या स्टार्ट करून ठेवायच्या, नाहीतर सकाळी अख्खा ताफा जागेवर. एका रात्री तोफ ओढणारी गाडी वळणावर बंद पडली, एका बाजूला दरी, मागे सगळा कॉन्व्हॉय थांबलेला, हातमोजे घालून नट पकडता येत नाही आणि मोजे काढले की बोटं लोखंडाला चिकटतात. आम्ही दोघं गाडीखाली. वर उभा असलेला गनर, म्हणजे तोफ चालवणारा पोरगा, वीस-एकवीसचा असेल, त्यानं आपला कोट काढून आमच्या अंगावर टाकला आणि स्वतः टॉर्च धरून उभा राहिला, पहाटेपर्यंत. गाडी चालू झाली तेव्हा तो कुणालाही काही न बोलता तोफेवर जाऊन बसला आणि कॉन्व्हॉय हलला. मला आयुष्यात शौर्याचं मेडल मिळालं नाही, ती रात्र मात्र माझ्याकडं आहे.

आईच्या काळजीबद्दल बोलतो, कारण ती काळजी खरी आहे आणि तिला फसवून काही उपयोग नाही. ऑफिसात सेफ, वर्कशॉपमध्ये सेफ, असं फौजेत काही नसतं. १९९९ ला कारगिलच्या युद्धात मी द्रासच्या बाजूला होतो. टोलोलिंगच्या डोंगरावरून श्रीनगर-लेहचा रस्ता शत्रूला अख्खा दिसत होता आणि त्याच रस्त्यानं आमच्या गाड्या, रेशन, गोळे जात होते. बोफोर्स तोफा दिवसरात्र चालत होत्या आणि त्यांच्या शेजारी आमची पोरं पाना घेऊन उभी होती. वरून येणारा गोळा तुझा ट्रेड काय ते विचारत नाही. युनिटचा क्लर्क पण युनिटबरोबरच वर जातो, त्याच बंकरमध्ये झोपतो, रायफल त्याला पण चालवावीच लागते. मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, आपल्या सांगली जिल्ह्यातले, ते ईएमईत क्राफ्ट्समन होते, म्हणजे आमच्याच खात्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि मग १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून त्यांनी सोनं आणलं. त्याआधी १९४८ ला राजौरीच्या रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे सुरुंग काढत, झाडं-दगडं हटवत रणगाड्यांना वाट करून देत होते, समोरून गोळीबार चालू असताना, त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्यांचं त्या दिवशीचं काम रस्ता मोकळा करायचं होतं, पुढं जाऊन संगीन खुपसायचं नव्हतं. म्हणून वडलांना पण सांग आणि आईला पण, टेक्निकलमध्ये लपायला जागा नाही, आणि तुला लपायचं पण नाहीये. धोका वाचवायचा म्हणून ट्रेड निवडणार असशील तर मग फौजेचाच विचार परत एकदा कर, यात मला काही वावगं वाटणार नाही, पण मग तो सरळ कर.

पैशाचा आणि चार वर्षांचा हिशोब. हा मी मुद्दाम लांबवून सांगतोय कारण माझ्या आणि तुझ्या वडलांच्या वेळेला हा प्रश्नच नव्हता, आम्ही लागलो म्हणजे पेन्शनपर्यंत लागलो. त्यांना आतून अजून तेच वाटत असणार, पोरगा लागला की सुटलो. २०२२ च्या जूनपासून तसं नाही. चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१ हजार, चौथ्या वर्षी ४० हजार आणि हातात २८. सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतात. त्या काळात ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त चारातला एक आत राहतो, पुढच्या पंधरा वर्षांसाठी, बाकी तीन बाहेर. आता हे प्रमाण वाढणार, ते बदलणार असं रोज काहीतरी मोबाइलवर फिरत असतं, सरकारी कागद निघेपर्यंत त्यातलं काही धरू नकोस.

म्हणजे तू आत्ता फॉर्म भरताना २३-२४ वर्षांच्या तुझ्याबद्दल पण ठरवतोयस. आत राहिलास तर आनंदच, त्यासाठी जीवतोड मेहनत कर, तिथं फिटनेस, फायरिंग, ट्रेडमधलं काम सगळं बघितलं जातं. पण बाहेर पडलास तर हातात काय असेल? जीडीवाल्याच्या हातात शिस्त असेल, कमावलेलं शरीर असेल, सीआरपीएफ-बीएसएफसारख्या दलांमध्ये माजी अग्निवीरांना ठेवलेल्या जागा असतील, ज्याला वर्दीतच राहायचंय त्याला तो रस्ता चांगला आहे. टेक्निकलवाल्याला तेही सगळं उघडं असतं आणि वर चार वर्षं डिझेल इंजिन, जनरेटर, हायड्रॉलिक, वायरिंग असलं काहीतरी हाताखालून गेलेलं असतं. आमच्या बरोबरची रिटायर झालेली माणसं चाकण, शिरवळच्या कारखान्यांत मेंटेनन्सला लागली, काहींनी गावात गॅरेज टाकलं, एकजण पवनचक्क्यांच्या कामावर गेला. तुझ्या तालुक्याच्या आजूबाजूला पवनचक्क्या किती आहेत ते तुला मी सांगायला नको. ११ लाख पाच वर्षांत घरबांधणीत आणि बहिणीच्या लग्नात कुठं जातात ते कळत नाही, हातातली कला मात्र कुणाच्या लग्नात खर्च होत नाही.

अकॅडमीच्या सरांचं म्हणणं चुकीचं नाही, जीडीला जागा जास्तच असतात. पण अर्ज करणारे पण तिथंच सगळ्यात जास्त असतात, दहावीवर भरता येतं म्हणून. टेक्निकलला बारावी सायन्सची अट आणि पेपर अवघड, त्यामुळे अर्धी पोरं आधीच गळतात. अकॅडमीला एकाच पेपरची तयारी एका बॅचला करून घेणं सोपं पडतं हे पण लक्षात घे, त्यात सरांचा काही वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. तुझं गणित आणि फिजिक्स बरं आहे, त्याचा फायदा जीडीच्या पेपरात तुला जेवढा मिळेल त्यापेक्षा टेक्निकलच्या पेपरात जास्त मिळेल. ज्यांच्याकडं आयटीआय किंवा डिप्लोमा आहे त्यांना टेक्निकलला बोनस मार्क मिळतात, ते तुला नाहीत, म्हणून पेपर तुला जरा जोरात काढावा लागेल. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, अंदाजानं उत्तरं ठोकायची सवय असेल तर आजपासून मोड.

इथं मध्येच एक सांगून ठेवतो कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी कामाचं असेल. ज्यांचं बारावीला बायोलॉजी आहे त्यांनी नर्सिंग असिस्टंटची भरती बघावी, आणि डी फार्म, बी फार्म झालेल्यांनी सिपाही फार्माची, या दोन्ही जागा अग्निवीरमध्ये येत नाहीत, रेग्युलर आहेत. गावात कितीतरी पोरांना हे माहितीच नसतं आणि ती जीडीच्या लाइनीत उभी असतात.

तर माझं मत असं, टेक्निकल पहिलं आणि जीडी दुसरं. अभ्यास टेक्निकलचा, ग्राउंड जीडीचं. ५:४० ला तुला पळण्याचे ४८ मार्क मिळतात, ५:३० च्या आत आलास तर ६०, म्हणजे दहा सेकंदांना बारा मार्क. दहा बीम (पुल-अप) मारले की ४० पूर्ण. हे दहा सेकंद दोन-तीन महिन्यांत निघतात, रोज १६०० पळत बसू नकोस, आठवड्यात दोनदा ४०० च्या फेऱ्या मार जोरात, एकदा चढ पळ, बाकी दिवस हळू आणि लांब. आणि डोळे आत्ताच तपासून घे, नंबर पण आणि रंग ओळखायची चाचणी पण, मोटर भरताना तारांचे रंग तुला ओळखता येतात म्हणजे बहुतेक ठीकच असेल पण डॉक्टरकडून खात्री करून घे. आमच्या पलीकडच्या वाडीतला एक पोरगा सगळं पास होऊन मेडिकलला रंगात अडकला, तोपर्यंत त्याला माहितीच नव्हतं की त्याला हिरवं-लाल सारखं दिसतं. दोन वर्षं तयारी केली होती पोरानं, त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

आता वडलांचं. खरं तर तुझं पत्र त्यांच्याबद्दलच आहे असं मला वाटतं, फॉर्म नंतर येतो. हवालदार म्हणून पलटणीतून रिटायर झालेल्या माणसाच्या मनात आपल्या पोरानं आपल्याच सेंटरच्या मैदानावर कसम घ्यावी, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय म्हणताना त्याचा आवाज आपल्याला ऐकू यावा, हे असणारच. साताऱ्याकडच्या माणसाला तर जास्तच, इथं अपशिंग्यासारखं गाव आहे जिथून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत आणि तरी आजपर्यंत घरटी फौजी आहे. ते हट्टी आहेत म्हणून जीडी म्हणत नाहीयेत, त्यांना जे सगळ्यात चांगलं मिळालं ते तुला द्यायचंय. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि मला घाबरल्यासारखं दिसेल का असा विचार तर अजिबात करू नकोस, तो विचार तुझ्या डोक्यात आहे, त्यांनी तसं म्हटल्याचं तू कुठं लिहिलेलं नाहीस. त्यांना एवढंच विचार की तुमच्या पोस्टवर जनरेटर बंद पडला की कोण यायचं, रेडिओ सेट बोलेनासा झाला की तुम्ही कुणाची वाट बघायचा, मोर्टार अडकला की कोण सोडवायचं. जुना फौजी आहे, त्याला त्या माणसाचं नाव पण आठवत असेल आणि गावही. मग सांग की मला तो माणूस व्हायचंय.

माझे चुलते पाच-सहा वर्षांपूर्वी वारले. शेवटी शेवटी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते त्यांच्या मित्राला सांगत होते की आमच्या पुतण्याशिवाय कारगिलच्या तोफा हलल्या नसत्या. मी त्यांना एवढं कधी सांगितलं नव्हतं आणि ते एवढं खरंही नव्हतं, कुणाकडून काय ऐकलं होतं देव जाणे. मी बाहेर येऊन अंगणात थोडा वेळ उभा राहिलो.

आणि वडलांची इच्छा पूर्ण करायचा एक रस्ता अजून आहे, तो मोकळा ठेवा. बेळगावला मराठा सेंटरमध्ये युनिट हेडक्वार्टर कोट्याची भरती होते, आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी, भावांसाठी, तिची तारीख तुझे वडील त्यांच्या जुन्या ओळखीतून कळवून घेऊ शकतात. टेक्निकल नाही निघालं तर तिथं जीडीला उतर, आणि तिथं लागलास तर मनापासून लाग, मेकॅनिक व्हायचं होतं म्हणून कुरकुरत राहू नकोस, गाडी चालवायचे, मोर्टारचे, सिग्नलचे कोर्स पलटणीत पण असतात आणि हात चालणाऱ्या पोराला तिथं पण सगळे हाका मारतात.

माजी सैनिकाचा मुलगा म्हणून तुला बोनस मार्क आणि उंची-छातीत थोडी सूट मिळते, पण त्यासाठी वडलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून रिलेशनशिप सर्टिफिकेट लागतं, डिस्चार्ज बुकमध्ये तुझं नाव आणि जन्मतारीख तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच आहे का ते अक्षर न् अक्षर जुळवून बघा, आडनावाचं स्पेलिंग सुद्धा. फरक असेल तर तो सुधारायला महिने जातात आणि रॅलीच्या मैदानावर कुणी ऐकून घेत नाही. हा अर्ज वडलांच्या सहीनंच जातो. तेव्हा आज संध्याकाळीच त्यांच्याकडून ते बुक मागून घे, दोघं मिळून बघा, आणि तेव्हाच बोल.